इंजिनातला गंज आणि बरणीतली चिंच

परवा मिहिर फोनवर तक्रार करत होता. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्या मिठाने त्याच्या गाडीचा खालचा पत्रा गंजून हाताने तुटायला लागला आहे. मला हसू आलं, तेव्हा तो म्हणाला, "आजी, यात हसण्यासारखं काय आहे?" तसं काहीच नव्हतं. पण मीठ आणि लोखंड एकत्र आलं की काय होतं, हे मी पंधराव्या वर्षी पेणच्या आमच्या पडवीत शिकले होते, आणि तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. त्याच्या बहिणीला, तनयाला, मराठी वाचायला वेळ लागतो. मिहिर, तिला तू वाचून दाखव, आणि मधलं गाळू नकोस.

आमचं घर रामवाडीच्या जरा अलीकडे होतं. पुढची खोली म्हणजे अण्णांचा दवाखाना, त्याला लागून लांब पडवी, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. शेजारी बाळकाकांचा गणपतीचा कारखाना. आखाड लागला की तिथून शाडूची माती तुडवल्याचा थपथप आवाज दिवसभर येई, आणि श्रावणात कोरड्या मूर्तींना पॉलिश पेपर लावल्याचा खसखस आवाज. महामार्गावर एसटीने गिअर बदलला की आमच्या फडताळातल्या कपबशा किणकिणत. आई फार शिस्तीची. भांडी घासून झाली की ती त्यांच्यावर बोट फिरवून बघे. बोटाला जरा जरी तेलकट लागलं तरी भांडं परत काशीकडे जाई. काशी आमच्याकडे भांडी-धुण्याला होती, पलीकडच्या खेड्यातून शेतावरून चालत येई. ती म्हणे, "तुमच्या घरान एक दिस माज्या हातावर पन बोट फिरवाल गो बाय." आईची ती बोट फिरवायची सवय मी जशीच्या तशी उचलली होती. अजूनही आहे, तुमच्या आईला विचारा.

अण्णा, म्हणजे तुमचे पणजोबा, डॉक्टर होते आणि खेड्यापाड्यांतले रोगी सायकलवरून बघत. आदल्या पावसाळ्यात शेताच्या बांधावरून येताना सायकल घसरली आणि त्यांचा डावा गुडघा गेला. प्लॅस्टर निघालं, पण गुडघा वाकेना. मग खेड्यांतून बैलगाडी यायची, तेव्हा ते जायचे. चैत्रात जिते गावाहून अशीच एक गाडी आली, एका लहान मुलाला उलट्या होत होत्या. गाडीने अण्णांना तिथे नेईपर्यंत पोर गार पडलं होतं. त्या दिवशी अण्णा घरी आले ते थेट पडवीत बसून राहिले. आईने वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं, इंग्रजीही बरं, म्हणून त्यांची पत्रं मी लिहायची. मुंबईच्या मामाने एका गिरणीच्या दवाखान्यात बसून करायची नोकरी पाहिली होती, गणपतीपर्यंत उत्तर हवं होतं. अण्णांनी होकाराचं पत्र सांगितलं, मी लिहिलं. तारीख मात्र घालू दिली नाही. ते पत्र त्यांनी थर्मामीटरच्या खणात ठेवलं. पत्र पाठवलं की पेण सुटणार, दवाखाना बंद होणार, आणि मी अकरावीला मुंबईच्या कुठल्यातरी अनोळखी शाळेत जाणार, हे मला ते लिहितानाच कळलं होतं. तरी एकही खाडाखोड होऊ दिली नाही.

गाडीची कल्पना आईची. रोह्याला तिच्या चुलतभावाच्या मागच्या खोपीत एक विलायती बनावटीची छोटी काळी मोटार पडून होती. आम्ही बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. बरोबर इस्माईल मिस्त्री आले होते. ते रोह्याचेच, आयुष्यभर मोटारी दुरुस्त करून म्हातारपणी धाटावच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागलेले. त्यांनी बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, कोंबडी चालू हाय, गाडी बंद हाय." कुणीतरी इंजिनाचे चारही प्लग काढून नेले होते, वरचं कौल फुटलं होतं, आणि त्या चार भोकांतून दोन पावसाळ्यांचं पाणी आत गेलं होतं. इंजिन आतून गंजून जाम झालं होतं. अण्णांनी विचारलं, "होईल?" मिस्त्री म्हणाले, "होईल का ते लोखंड सांगंल. आपन विचारून बघू." अण्णांना मोटार चालवता येत होती, मुंबईत शिकत असताना मित्राच्या गाडीवर हात बसला होता. गुडघा वाकत नसला तरी सीट मागे सरकवून सरळ पायाने क्लच दाबता येतो, हे मिस्त्रींनी तिथेच त्यांना कोंबडी उठवून दाखवलं. कोंबडीने केलेला आरडाओरडा मला अजून ऐकू येतो.

ट्रकवर घालून गाडी पेणला आली आणि आमच्या पडवीला गॅरेजचं रूप आलं. मिस्त्री सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, एसटीने येत. कधी पहिली शिफ्ट सुटल्यावर रविवारी दुपारीही येत. येताना पिशवीत पान्यांबरोबर नदीकाठच्या मळ्यातलं एखादं पडवळ असे, ते आईच्या हातात देऊन मगच कामाला बसत. पहिल्या दिवशी त्यांनी प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि गिअरचं तेल मिसळून ओतलं आणि मला काम दिलं: रोज शाळेत जाण्यापूर्वी पुढचं हँडल धरून जरा इकडे, जरा तिकडे दाबायचं. जोर लावायचा नाही. सात दिवस भिंत ढकलावी तसं ते हँडल उभं होतं. आठव्या दिवशी आतून 'कर्र' असा बारीक आवाज आला आणि हँडल बोटभर हललं. मी ओरडत स्वयंपाकघरात गेले. आई बिरड्यासाठी वाल सोलत होती, ती सालांच्या हातांनीच बाहेर आली. अण्णा काठी टेकत आले आणि त्यांनी स्वतः हँडल हलवून बघितलं. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा आमटी घेतली.

इंजिन उघडल्यावर आत काय दिसलं ते सांगते. सिलिंडर म्हणजे लोखंडाच्या ठोकळ्यात, मिस्त्रींच्या भाषेत ब्लॉकमध्ये, कोरलेल्या चार गोल विहिरी. त्यांत पिस्टन वरखाली होतात. या विहिरींच्या भिंतींवर गेरूसारखा लाल थर होता आणि पिस्टन त्यात रुतून बसले होते. मिस्त्रींनी लाकडाचा ठोकळा धरून खालून हलके ठोके मारत ते काढले, एक फुटला. भिंतींना खड्डे पडले होते, म्हणून ब्लॉक पनवेलला पाठवून सिलिंडर जरा मोठे कोरून घेतले. त्या मापाचे नवे पिस्टन मुंबईहून यायला महिना गेला. ब्लॉक परत आला तेव्हा श्रावण अर्धा संपला होता. सिलिंडर आतून आरशासारखे झाले होते. मिस्त्रींनी त्यांना स्वतःच्या हाताने जाड ग्रीस फासलं.

आता राहिले पाण्याचे रस्ते. इंजिन तापू नये म्हणून सिलिंडरभोवती पाणी खेळतं, त्या वाटा गंजाच्या चिखलाने भरल्या होत्या. मिस्त्रींनी सायकलच्या तारा वाकवून आत घातल्या आणि लाल चिखल ओढून काढला. एक घमेलं भरलं. उरलेला थर सुटावा म्हणून आईकडे चिंच मागितली. काशी म्हणाली, "आता इंजनाची आमटी करताव का काय?" मिस्त्री म्हणाले, "व्हय, तू भाकरी घेऊन ये." बरणीतली चिंच भिजवून, गाळून, पाण्याच्या वाटांत भरून ठेवली. निघताना मिस्त्रींनी मला सगळं नीट सांगितलं: रविवारी सकाळी चिंचेचं पाणी काढायचं, आंबटपणा मरावा म्हणून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते भरायचं आणि तसंच ठेवायचं, दुपारी मी येतो. मी ते वहीत लिहून घेतलं.

त्या रविवारी अण्णा आणि आई अलिबागला गेले होते, अण्णांच्या एका डॉक्टर मित्राला पाय दाखवायला. घरी मी आणि काशी. मी वहीत बघून चिंचेचं पाणी काढलं. तांबडं, गढूळ पाणी नुसतं वाहत होतं, ते बघून फार समाधान वाटलं. सोड्याचं पाणी भरलं. पण मग माझी नजर सिलिंडरवर गेली. बाकी सगळं स्वच्छ होत असताना ते चार तेवढे काळपट, चिकट, ग्रीसने बरबटलेले. मी बोट फिरवलं. बोट काळं झालं. मला वाटलं, मिस्त्री दुपारी येतील तेव्हा त्यांना एकदम लख्ख काम दाखवावं. सोड्याच्या पाण्याने ग्रीस काढलं, उरलेल्या चिंचेचा चोथा घेतला आणि तांब्याची घागर घासावी तसे चारही सिलिंडर आतून घासले. माझे हात लहान, थेट तळापर्यंत पोचत होते. काशी आणि मी मिळून पहारीने ब्लॉक कलता केला, सगळं पाणी, सोड्याचंसुद्धा, सोडून दिलं, आणि घासलेली भांडी निथळत ठेवतो तसा तो तिरपा ठेवला. वर स्वच्छ पोतं टाकलं. काशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता बोट फिरव गो बाय." मी फिरवलं. काहीही लागलं नाही.

मिस्त्री त्या दुपारी आले नाहीत. कंपनीत त्यांच्या जागी येणारा माणूस आला नव्हता, त्यांना दुसरी शिफ्टही करावी लागली. सोमवारी सकाळी शाळेत निघताना मी पोतं उचललं. चारही सिलिंडर नारिंगी झाले होते. नव्या हळदीकुंकवाच्या करंड्यासारखा तो रंग अगदी सुरेख दिसत होता. मी पोतं होतं तसं ठेवलं आणि शाळेत गेले. भूगोलाच्या तासाला बाईंनी दोनदा नाव घेतलं ते मला ऐकू आलं नाही. नवे पिस्टन ठरलेल्या मापाचे होते. पुन्हा कोरावं लागलं तर ते बसणार नव्हते, दुसरे यायला महिना, आणि गणपती पंधरा दिवसांवर. खणातलं पत्र माझ्याच अक्षरातलं होतं, मला पाठ होतं.

शाळेतून आले तर दुसऱ्या शिफ्टच्या बदली सुट्टी घेऊन आलेले मिस्त्री पडवीत उकिडवे बसले होते आणि अण्णा काठीवर भार देऊन त्यांच्यासमोर उभे होते.

"ग्रीस लावलं म्हणता, मग ते गेलं कुठे? उंदरांनी खाल्लं?"

"डॉक्टरसाब, ह्याच हाताने लावलं. हितंच."

"मिस्त्री, तुम्हाला जमत नव्हतं तर तसं सांगायचं होतंत. मी मुंबईला कळवून मोकळा झालो असतो."

मिस्त्रींनी पाण्याच्या वाटेत बोट घातलं, बाहेर काढून जिभेला लावलं आणि अंगणात थुंकले. "खारट हाय," ते म्हणाले. मग आईकडे वळून, "वहिनी, चिंच बरणीतली?"

"बरणीतलीच. दर वर्षी मीठ लावूनच भरते. नाहीतर किडे होतात."

"मी चिंच म्हणालो, तुम्ही चिंच दिली. मिठाचं मी विचारलं नाय." त्यांनी सिलिंडरच्या कडेवर बोट ठेवलं. "पण ही पाण्यात घालायची व्हती. सिलिंडरात कशी गेली?"

कारखान्यातली खसखस नेमकी तेव्हाच थांबली होती. मी दप्तर खाली ठेवलं आणि म्हटलं, "मी घासले. ग्रीस मी काढलं. घाण दिसत होतं म्हणून."

काशी मोरीतून हात पुसत आली. "एकली नाय तिनं. मी पन व्हते. वाकडा कर म्हंजे पानी निथळल, ह्ये मीच बोल्ले."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, मी तुम्हाला बोललो ते चुकलो. माफ करा." अण्णांच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला त्या वेळी दोन थपडा बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिस्त्रींनी हात झटकला. "ऱ्हाऊ द्या. ग्रीसला हात लावू नको ह्ये मीच सांगायचं व्हतं. वाटलं, कोन लावतंय." मग मला म्हणाले, "किती घासलंस बाय?"

"लख्ख होईपर्यंत."

"तेच तर! इंजिनाला लख्ख नाय चालत गो. त्याला तेलकटच ठेवायचं. तुझ्या आईची घागर नाय ती."

त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवून पहिल्या सिलिंडरच्या भिंतीवरून फिरवलं. फडकं लाल झालं. मग ज्या जागी पुसलं तिथे अंगठ्याचं नख टेकवून वरून खाली हळू ओढलं. गंजाने लोखंड खाल्लं असेल तर नख त्या खड्ड्यात अडकतं. वरवरचाच असेल तर सरळ खाली येतं. नख खाली आलं. दुसऱ्यात आलं. तिसऱ्यात आलं. चौथ्यात मध्ये कुठेतरी ते थांबले, परत वर गेले, परत ओढलं. अण्णांची काठी फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. मिस्त्री म्हणाले, "माझं नख जाड हाय. बाय, तू बघ." मी माझं नख लावलं आणि डोळे मिटून खाली आणलं. ते कुठेही अडकलं नाही. तरी मी पुन्हा एकदा ओढलं.

"काय?" अण्णांनी विचारलं.

"सरळ आलं," मी म्हटलं.

"एका राती-दिसाचा गंज," मिस्त्री म्हणाले. "अजून चार दिस पोत्याखाली असता तर मंग नाय." ते ऐकून मी पायरीवर बसले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मिस्त्रींनी पुढच्या कामातून मला सोडलं नाही, आणि बरं केलं. आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने वाटा इतक्यांदा धुतल्या की काशी रहाट ओढून थकली. दर खेपेला मिस्त्री पाणी जिभेला लावून बघत. खारटपणा गेल्यावर रॉकेल आणि अगदी बारीक पॉलिश पेपरने मी चारही सिलिंडर हळूहळू पुसले. पण श्रावणातल्या हवेत पाण्याच्या वाटा वाळणार कशा? बाळकाका कुंपणावरून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "माझे गणपती वाळतात, तुमचं इंजिन नाही वाळणार?" त्यांच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत कोळशाच्या शेगड्या ठेवून मूर्ती वाळवत. पाच जणांनी ब्लॉक उचलून तिथे नेला. मिस्त्री दाराशी चप्पल काढून आत गेले आणि पेपर घासणारी माणसं वर बघून पुन्हा कामाला लागली. संध्याकाळी बघायला गेले तर बिनरंगाच्या पांढऱ्या गणपतींच्या दोन रांगांमध्ये आमचा ब्लॉक ऊब घेत बसला होता, आणि मिस्त्री कोमट लोखंडाला ग्रीस फासत होते. "आता हात लावून बघ," ते मला म्हणाले. मी हात मागे बांधून उभी राहिले.

इंजिन जोडायला पुढचे दहा दिवस लागले. गणपतीच्या चार दिवस आधी हँडल मारलं तेव्हा ते शिंकलं, धूर ओकलं आणि तिसऱ्या वेळी धरून राहिलं. कपबशा किणकिणल्या. पण मिस्त्री लगेच खूश होईनात. दहा मिनिटं चालवून त्यांनी रेडिएटरची खालची तोटी सोडली आणि आईचं पांढरं एनॅमलचं पातेलं खाली धरलं. त्या पातेल्याच्या तळाशी एक निळं फूल होतं. पहिल्यांदा पाणी आलं ते कोकमाच्या सारासारखं. पुन्हा गोडं पाणी भरलं, चालवलं, सोडलं. या वेळी कोऱ्या चहासारखं. तिसऱ्यांदा आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाणी पातेल्यात भरत गेलं आणि तळाचं निळं फूल तसंच दिसत राहिलं, पाकळ्या मोजता येतील इतकं स्पष्ट. काशी म्हणाली, "आता पी डाक्टर." मिस्त्री पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गाडी घेऊन जित्याला गेले, एका बाळंतिणीला ताप होता. बैलगाडीने दुपार झाली असती. ते दूध तापायच्या आत पोचले असावेत, कारण जेवायला घरी होते. बाईचा ताप उतरला. जेवून झाल्यावर त्यांनी खणातलं पत्र काढून जाळायला चुलीपुढे ठेवलं आणि मला दौत-टाक आणायला सांगितलं. गाडी परत आल्यावर जेवायच्या आधी मी मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे इंजिनाच्या कडा तेलाच्या फडक्याने पुसत होते. हात धुतले होते, तरी नकाराचं पत्र लिहून होता होता समासात माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला, रेघान् रेघ दिसेल असा. मी म्हटलं, "अण्णा, दुसरा कागद घेते. पुन्हा लिहिते." त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं, ठशाकडे बघितलं, तारीख स्वतः घातली आणि म्हणाले, "असू दे. असंच जाऊ दे."